मगरीचे डोळे

दुकानाच्या पाटीवर 'मंडप डेकोरेटर्स' असं लिहिलंय, पण डेकोरेशनचं बायको बघते. माझ्याकडे साऊंड आणि लाईट. चिपळुणात लग्न असो, बारसं असो, पालखी असो की प्रचारसभा, वायर ओढायला मी किंवा माझ्यासारखे तिघं-चौघं. माईकनं शिट्टी मारली की लोकांना आमची आठवण येते. एरवी नाही.

शिमग्याच्या आधी बचत गटांच्या बायकांनी तीन दिवसांचा खाद्यमहोत्सव भरवला. छत्तीस स्टॉल, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला कॉलेजच्या पोरांना 'काहीतरी करायला' दिलेला कोपरा. त्या कोपऱ्यात पोरांनी मगर केली. वाशिष्ठी नदीत मगरी आहेतच, गोवळकोटच्या बाजूला खाडीकाठी पडलेल्या दिसतात. पण ही सतरा फूट लांब, बांबूच्या कामट्यांची, वर जुन्या साड्या ताणलेल्या. साड्या घरोघरून मागून आणलेल्या. एका साडीवर पुराच्या चिखलाचा डाग तसाच होता, धुऊनही न गेलेला. पोरांनी ती मुद्दाम पोटाशी लावली होती.

"दादा, आतून लाईट पायजे. आणि डोळ्यांना पिवळे बल्ब, जुने तारेचे. एलईडी थंड दिसतात."

मला पटलं. गोडाऊनमध्ये साठ वॅटचे दोन बल्ब निघाले, ते दिले. त्या दोन बल्बांनी नंतर काय काम केलं, ते पुढे येईलच.

मैदानाच्या पत्र्याच्या कुंपणावर शाळेतली मुलं चित्रं काढत होती. बाजारपूल, होडी, परशुराम घाटातली एसटी. एका मुलीनं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर काढलं होतं आणि समोर दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातलेली पुस्तकं. १८६४ सालचं ग्रंथालय, २००५ आणि २०२१ दोन्ही पुरांत भिजलेलं. मुलगी असेल नऊ-दहा वर्षांची. चिमटे मात्र तिनं एकेक मोजून काढले होते.

आता कामाचं. मी लोड काढला होता तो एका स्टॉलला दोन ट्यूब, एक प्लग, फार तर मिक्सर या हिशेबानं. शनिवारी दुपारी बघतो तर स्टॉलवर इंडक्शनच्या शेगड्या. मंडपात सिलिंडर आणायचा नाही अशी अट, कापडाचा मंडप असल्यामुळे ती बरोबरच. मग बायकांनी आपापल्या परीनं तोड काढली. एक शेगडी म्हणजे दोन हजार वॅट. टाँगटेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावला तर एका फेजवर, म्हणजे विजेच्या एका लाईनीवर, सत्तर अँपिअर आणि स्टेजच्या फेजवर जेमतेम पंधरा. स्टॉल ज्या क्रमानं आले त्या क्रमानं माझ्या पोऱ्यानं जोडत नेले होते. त्याला काय बोलणार, मी तेव्हा जेवत होतो.

आणि जेवत होतो ते सांगायलाच हवं. ओल्या काजूगरांची उसळ. सोललेले काजूगर, खोबऱ्याचं वाटण, वर कोथिंबीर, बाजूला तांदळाची भाकरी. वाढणाऱ्या काकींची बोटं चिकानं काळी पडलेली. म्हटलं, तेल लावून सोलायचे ना. "लावलंन की. चिकाला तेल कळतं होय?" पुढच्या स्टॉलवर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, त्याच्यापुढे कोंबडी-वडे, मग कुळथाची पिठी नि भात. पिठी कोण विकत घेऊन खाणार असं मला वाटलं होतं. तिथंच सर्वांत लांब रांग, निम्मे मुंबईकर.

मंडपाच्या बाहेर, आंब्याखाली, एक आजी तीन दगडांची चूल मांडून बसल्या होत्या. त्यांनी इंडक्शन घ्यायला साफ नकार दिलेला. बिडाचा तवा, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, मग पातळ पीठ कडेनं आत ओतत आणायचं, वर झाकण. घावन सुटलं की जाळी अशी, की पलीकडचं दिसावं. सोबत नारळाचा रस, गूळ घातलेला. ताईंनी, म्हणजे महोत्सवाच्या मुख्य बाईंनी, त्यांना मंडपात जागा दिली नाही म्हणून आजी रुसल्या होत्या. गिऱ्हाईकही कमी.

म्हटलं, रात्री बंद झालं की फेज बदलून लोड वाटून टाकू. भर गर्दीत मेन स्विच पाडायचं जिवावर आलं. जास्त लोडला आपोआप पडणारा एमसीबी शंभर अँपिअरचा होता, सत्तरला पडणार नव्हता. हा झाला माझा पहिला हलगर्जीपणा. दुसरा जुना आहे.

२२ जुलै २०२१ ला माझ्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं. २००५ च्या पाण्याची खूण मी भिंतीवर तेलरंगानं करून ठेवली होती आणि सगळं सामान तिच्या दोन फूट वर, फळ्यांवर. शहाणपणा समजत होतो. घाटमाथ्यावर पाऊस, नदी भरलेली, खाडीला भरती. पाणी खुणेपाशी आलं, थांबलं नाही, फळ्यांवरून गेलं. कोयनेचं पाणी सोडण्यावरून पुढे खूप वाद झाले, त्यात मी पडत नाही. एवढंच की पोफळीला ज्या पाण्यावर वीज होते तेच कोळकेवाडी धरणावरून वाशिष्ठीत येतं. म्हणजे माझा धंदाही त्याच पाण्यावर. अकरा अँप्लिफायर गेले. मेन पॅनेल चार दिवस चिखलात होतं. ते मी फेकलं नाही. रॉकेलनं धुतलं, ब्लोअरनं वाळवलं, पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या. नव्याला पैसे नव्हते. पुढे पैसे आले, पण पॅनेल चालत होतं. चालतंय ते कोण बदलतो?

संध्याकाळी साडेसातला नमन, आमच्या कोकणातलं लोकनाट्य, सुरू झालं. गण झाला, गौळण झाली, आणि संकासुर आला. काळा अंगरखा, उंच टोपी, पांढरी दाढी. पोरं किंचाळत आयांना बिलगली. मी साऊंडच्या मिक्सरशी मृदंगाचा माईक जरा खाली घेत होतो, इतक्यात समोर मैदानापलीकडे मगरीचे डोळे पेटले.

पेटले म्हणजे पिवळ्याचे पांढरेफेक झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शो आहे. त्याच वेळी स्टॉलच्या बाजूला इंडक्शन एकापाठोपाठ एक टीं टीं करत बंद पडायला लागले.

एकीकडे उजेड वाढतो, दुसरीकडे मरतो, तेव्हा तिसरं काही नसतं. न्यूट्रल, म्हणजे सगळ्या फेजची परतीची सामाईक वायर, सुटला. ज्या फेजवर लोड जास्त तिथलं व्होल्टेज खाली बसतं आणि ज्यावर कमी तिथं दोनशे तीसचं काहीच्या काही होतं. मी मिक्सर सोडून पॅनेलकडे पळालो. व्होल्टमीटरचा काटा तीनशेच्या पुढे, जळक्या बॅकेलाईटचा वास. मेन पाडला. मागे फट् फट् असे दोन आवाज झाले, ते मगरीचे डोळे. मी पाडला त्याच्या आधी गेले की नंतर, कुणास ठाऊक.

काळोख.

पहिली शिवी कुठून तरी लाईटवाल्यांना आली. वीज कंपनीच्या ऑफिसातल्या वायरमनला, म्हणजे त्या बिचाऱ्याला. मी गप्प राहिलो. खरंच सांगतो, गप्प राहिलो.

पॅनेल उघडून बॅटरी मारली. न्यूट्रलच्या पट्टीवरचं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा कान, काळं पडून ढिलं झालेलं, खालचं तांबं हिरवं. वरून घासलं होतं, पण बोल्टच्या आत पुराचं पाणी राहिलं होतं ते राहिलंच होतं. पंचावन्न-साठ अँपिअर त्या सडक्या जोडावरून दुपारपासून जात होते. पोऱ्या म्हणाला, "मालक, हे पुरातलं ना?" मी म्हटलं, पक्कड दे.

वायर कापून नवं थिंबल मारायचं, पट्टी खरवडायची, पुन्हा बोल्ट, मग फेज वाटायचे. चाळीस मिनिटांचं काम. माझं डोकं खाली, पण कान मोकळे होते. पंधरा-वीस वर्षांत पहिल्यांदाच माझा कार्यक्रम चालू असताना मला हाताशी नॉब नव्हते.

मृदंग थांबला नव्हता. आधी वाटलं, दोन मिनिटांत थांबतील. मग टाळ घुसले, मग गाणारे. बिनमाईकचा आवाज मैदानभर जात होता. मी दुपारी चार स्पीकर कशाला लावले होते असा प्रश्न पडावा. लोकांनी मोबाईलच्या बॅटऱ्या स्टेजकडे धरल्या, संकासुर उडी मारून खाली माणसांत आला, आणि त्या हलत्या उजेडात तो जो काही दिसला असेल ते मला नुसतं पोरांच्या ओरडण्यावरून समजलं. मंडळातले एक वयस्क माझ्याजवळ पाणी प्यायला आले. मी म्हटलं, होतंय, पाच मिनिटं. ते म्हणाले, "सावकाश करा. गॅसबत्तीवर नाचलेलो आम्ही. बत्तीत तेल संपलं तरी थांबायचो नाय."

आणि घावनाचा वास. मैदानात चालू चूल एकच, आंब्याखालची. अख्खी गर्दी तिकडे. इतर स्टॉलवरच्या दोन बायका आपणहून आजींच्या मदतीला बसल्या, एक नारळ खवायला, एक रस काढायला. मघाशी जागा न देणाऱ्या ताई मोबाईलची बॅटरी तव्यावर धरून उभ्या होत्या.

साडेआठला मेन वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वायरमनला पुन्हा एकानं शिवी दिली. तेव्हा मला ऐकवेना. माईक घेऊन सांगितलं की लाईट वरून गेली नव्हती, माझ्या पॅनेलमध्ये जोड जळाला होता. कुणी ऐकलं नाही. स्टेजवर वगनाट्य लागलं होतं, लोक म्हणाले, माईक सोडा.

नुकसान फार नाही. स्टेजचे दोन पार लाईट, एका अँप्लिफायरची सप्लाय, आणि स्टेजच्या फेजवरून घेतलेल्या एकमेव स्टॉलचा मिक्सर. तो मिक्सर त्या वहिनींनी पूर आल्यावर मदतीत मिळाला म्हणून जपला होता. मी नवा आणून दिला. त्यांनी घेतला, पण जुनाही परत मागितला.

रात्री साडेदहाला वायरी गुंडाळताना आजींनी हाक मारली. पीठ संपलं होतं, तळाशी राहिलेल्याचं एक जाडसं घावन निघालं, त्याला जाळीही नव्हती. "खा. तुझ्यामुळं धंदा झालाय." मी म्हटलं, आजी, माझ्या चुकीनं लाईट गेली. "मग उद्या पन घालव, आठाच्या सुमाराला."

सोमवारी पॅनेल भंगारात दिलं. भंगारवाल्यानं ते उलटं करून आपटलं तेव्हा तपकिरी मातीचा ढीग पडला, मूठ-दीड मूठ, पिठासारखी बारीक. त्यानं पॅनेल काट्यावर ठेवलं, मातीकडे बघितलं आणि आत आणखी असेल म्हणून दोनशे ग्रॅम वजन कापलं. मी दोनदा भांडलो. शेवटी शंभरवर तोडलं.