टोळीकडे ठेवलेली मजुरी

दारू सुटलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात की एवढा निश्चय केलास तरी कसा. हा प्रश्न ऐकला की मला संकोच वाटतो, कारण निश्चय मी वाळूजला असतानाही केले होते, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथाही घेतल्या होत्या, आणि त्या सगळ्या पुढच्या पगाराच्या संध्याकाळपर्यंतच टिकल्या होत्या. नांदेडला दारू खरोखर सुटली तेव्हा माझ्याजवळ निश्चय म्हणण्यासारखे फारसे काही उरलेले नव्हते. फरक इतकाच होता की काम सुटल्यानंतरची संध्याकाळ आणि हातात येणारी मजुरी या दोन गोष्टी बरेच महिने माझ्या ताब्यात नव्हत्या. त्या दुसऱ्यांनी सांभाळल्या.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी ठेकेदारामार्फत लागलेला सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणारे कापयंत्र चालवणारा कामगार होतो. कंपनीला येणारे काम कमी झाले की आधी ठेकेदाराची माणसे कमी होतात आणि ठेकेदाराने गेटपास परत घेतला की नोकरी संपते. त्यासाठी पत्र लागत नाही आणि भरपाईचा तर विषयही निघत नाही. पिणे त्याआधीही होतेच, पण शिफ्ट होती तोवर त्याला घड्याळाचे बंधन होते. ते बंधन गेल्यावर बजाजनगरातल्या खोलीचे भाडे थकले, पत्नी मुलाला घेऊन परभणीला माहेरी गेली, आणि मी कामाच्या शोधात म्हणून नांदेडला आलो तो स्टेशनावरच राहिलो. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 17 लाख 70 हजार बेघर माणसे मोजली गेली. ज्यांना घर नाही आणि जी रस्त्याच्या कडेला, उड्डाणपुलाखाली, मोठ्या पाइपांत, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहतात, त्यांना त्या मोजणीत बेघर धरले होते. मी त्या वर्णनात अचूक बसत होतो, तरी कोणी विचारले तर ‘गावाकडून कामासाठी आलोय’ असेच सांगत असे.

नांदेडात माणूस उपाशी राहत नाही. गुरु गोबिंदसिंगांचे 1708 मध्ये जिथे महानिर्वाण झाले त्या सचखंड श्री हुजूर साहिबच्या लंगरात जात, गाव, धर्म काहीही न विचारता पंगतीला बसवतात. या सोयीची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे: जेवण फुकट मिळू लागल्यावर दिवसाच्या किरकोळ कामाचा सगळा पैसा दारूला मोकळा झाला. पण तिथे डोके झाकून, शुद्धीत आणि तंबाखूशिवाय जावे लागते, त्यामुळे सकाळचे काही तास आपोआप कोरडे जात. भांडी घासणाऱ्या सेवेकऱ्यांपैकी एका वयस्कर सरदारजींनी माझे थरथरणारे हात पाहिले आणि उपदेशाचा एकही शब्द न बोलता मला रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले.

ही गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण आमच्या गावांकडे पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू ‘तोडण्याची’ पद्धत अजून आहे आणि ती जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना त्यानंतर भ्रम होतो, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, आणि अशा अवस्थेत माणूस दगावूही शकतो. रुग्णालयात त्यासाठी झटके आवरणारी औषधे आणि ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, आणि झटक्यांची औषधे काही दिवसांत हळूहळू कमी करतात. घरच्यांना कुठे न्यावे हे कळत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि त्यावरचा फोन निःशुल्क आहे.

रुग्णालयातून सोडताना पत्ता विचारला तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नव्हते. तिथल्या समाजसेवा अधीक्षक बाईंनी महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात चिठ्ठी दिली. लाखभर लोकवस्तीमागे किमान शंभर जणांसाठी बाराही महिने चालणारा एक निवारा असावा, असा शहरी उपजीविका अभियानाचा निकष होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2010 पासून राज्यांना त्यासाठी वारंवार बजावले आहे. पण स्टेशनावर झोपणाऱ्या माझ्या ओळखीच्यांपैकी एकालाही असा निवारा असतो हे माहीत नव्हते. पाटी लावली म्हणजे माहिती पोहोचली असे मानणाऱ्यांनी एकदा रात्री फलाटावर चक्कर मारून यावे. माझी पिशवी आणि मोबाइल केव्हाच चोरीला गेले होते. आधार केंद्रावर अंगठ्याच्या ठशावरून क्रमांक सापडतो, पण कार्ड पोस्टाने येते आणि पोस्टमनला दार लागते. निवाऱ्याच्या व्यवस्थापकांनी सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र दिले, त्यावर माझा पत्ता बदलला, आणि पुढे बँकेचे खाते आणि जुन्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम या दोन्ही गोष्टी त्याच कागदावरून मार्गी लागल्या.

मुख्य गोष्ट मोंढ्यातली, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारातली आहे. निवाऱ्यातला एक जण नव्या मोंढ्यात हमाली करत असे, त्याच्या ओळखीने हळदीच्या हंगामात त्याच्या हमालांच्या टोळीला माणूस कमी पडला तेव्हा मी लागलो. वसमत, हिंगोली, अर्धापूर भागातली हळद मार्चपासून बाजारात येऊ लागली की गाडी उतरवणे, काट्यावर पोते चढवणे, थप्पी लावणे, ट्रक भरणे हे काम रात्रीपर्यंत चालते आणि दिवसाची हमाली सगळ्या टोळीत सारखी वाटली जाते. मुकादमांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारले, “पितोस का?” मी “सोडलीय,” म्हणालो. ते म्हणाले, “सोडलीय का नाही ते थप्पीवर कळंल. वाटणी माझ्या वहीत राहील. जेवणापुरतं रोज घे, बाकीचं लागलं तर समद्यांसमोर माग.” यात दया नव्हती. डोक्याच्या वर रचलेल्या थप्पीवर एकाचा पाय डळमळला तर पन्नास किलोचे पोते खालच्याच्या पाठीवर येते, म्हणून माझे शुद्धीत असणे ही दहा-बारा माणसांची रोजची गरज होती. मला वाटते, घरच्यांच्या रडण्याने जे झाले नाही ते इथे झाले याचे कारण हेच असावे. घरी मी कुणाच्या तरी प्रेमाला उत्तर देणे लागत होतो, इथे पोत्याखाली उभ्या असलेल्या माणसाला देणे लागत होतो, आणि दुसरे देणे मला जास्त स्पष्ट दिसत होते.

पैसे मागायला तोंड उघडावे लागते आणि कशासाठी हे टोळीसमोर सांगावे लागते, एवढ्या एका अटीने बहुतेक संध्याकाळी निभावल्या. उरलेल्यांची सोय दोन ठिकाणी झाली. टोळीतले दोघे माळकरी होते. ते मला त्यांच्या वस्तीतल्या विठ्ठल मंदिरात भजनाला नेत. माझी श्रद्धा किती होती हे मी सांगणार नाही, पण टाळ हातात असताना गुत्त्याकडे जाता येत नाही हे नक्की. माळ घालू का, असे मी उत्साहाने विचारले तेव्हा त्यांनीच आवरले आणि म्हणाले, “आधी एक आखाडी जाऊ दे.” दुसरे ठिकाण अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगचे. ही चळवळ अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी 1935 मध्ये एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद अशा दोन पिणाऱ्यांनी सुरू केली. फी नाही, आडनाव नाही, पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट. तिथल्या काही जणांची ‘उच्चशक्ती’बद्दलची भाषा मला जड जाते. पण ज्याची वीस वर्षांपूर्वी सुटली आणि ज्याची परवा सुटली, ते दोघे सतरंजीवर शेजारी बसून एकमेकांचे ऐकतात, असे दृश्य मी इतरत्र पाहिलेले नाही.

सर्वात अवघड दिवस मोंढा बंद असण्याचे. पोळा, दिवाळी, अमावास्या आली की हातात वेळ उरे. अशा वेळी टोळीतला कोणी तरी मला आपल्या गावी घेऊन जाई, शेतात कामाला लावी आणि दुसऱ्या दिवशी सोबत परत आणी. हे कोणी ठरवून वाटून घेतले होते का, हे मी विचारले नाही.

पत्नी नांदेडला आली ती मुकादमांशी फोनवर बोलल्यानंतर, माझ्याशी बोलून नव्हे. तिने अट घातली की वहीतली शिल्लक यापुढे तिच्या खात्यात जाईल, आणि मुकादमांनी ती लगेच मान्य केली. खोलीचे डिपॉझिट तिच्या परभणीच्या बचत गटाने अंतर्गत कर्जातून दिले. हप्ता चुकला तर तिचे नाव खराब होणार हे तिने मला स्वच्छ सांगितले. हप्ते चालू आहेत.

हळदीचा जोर जूनपर्यंत ओसरतो आणि सोयाबीन येईपर्यंत काम पातळ असते. तेवढ्या काळात मी एका वर्कशॉपमध्ये लेथवर जातो. तिथला मालक रोज रोख देतो, ती रक्कम त्याच संध्याकाळी घरी पोहोचते. 1969 च्या माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या, कायद्याखाली माथाडी मंडळाकडे नोंद झाली की हमाली मंडळामार्फत मिळते, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, आणि वाळूजला ठेकेदाराकडे जी ग्रॅच्युइटी कधी मिळाली नाही ती पाठीवरच्या ओझ्याला मिळते. मुकादमांनी माझा अर्ज टोळीच्या अर्जांसोबत दिला आहे. त्यावर पत्ता आता खोलीचा आहे.