‘पिण्यास योग्य’ पाण्याने खाल्लेला गीझर

रिपोर्टवर जांभळा शिक्का आहे आणि त्याच्या वर लिहिलंय, ‘रासायनिकदृष्ट्या पिण्यास योग्य’. सामू ६.६. सामू म्हणजे आपला पीएच, सातच्या खाली जितका उतरेल तितकं पाणी आम्ल. हा कागद हातात पडला त्याच आठवड्यात आमच्या गॅस गीझरची तांब्याची कॉइल दुसऱ्यांदा फुटली.

घर राजापूर तालुक्यात, विहीर आजोबांनी जांभ्यात खणलेली. पाणी असं की मुंबईहून आलेले पाहुणे बाटल्या भरून नेतात. त्यामुळे ‘पाण्यातच काहीतरी आहे’ असं मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आईने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. पण बाथरूमच्या पांढऱ्या लाद्यांवर, बरोबर गरम पाण्याच्या नळाखाली, मोरपिशी डाग पडायला लागले होते. पितळी नळ चार वर्षांत आतून भुसभुशीत झाले. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपातून सकाळचं पहिलं पाणी चहासारखं यायचं. गीझर कंपनीचा माणूस आला, कॉइल बघितली आणि म्हणाला, “साहेब, समुद्र जवळ आहे ना, पाणी खारं आहे. वॉरंटीत बसत नाही.” खारं! त्याआधी आरओवाल्याने पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला होता, तर आकडा आला ४६. तो बिचारा स्वतःच बोलून गेला, “हे तर आरओनंतरचं पाणी वाटतंय.” तरी मशीन खपवायला बघत होताच. आमच्यासारखं पाणी असेल तर आरओ अजिबात घेऊ नका. जे थोडेफार क्षार आहेत तेही तो काढतो, आणि आम्लपणा ज्याच्यामुळे आहे तो विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पडद्यातून आरपार जातो. पाणी आणखी आम्ल होतं.

माझा संशय पक्का केला रत्नागिरीतल्या मत्स्यालयाच्या दुकानाने. तिथे माशांच्या टाकीसाठी पीएच तपासायचे थेंब मिळतात. विहिरीच्या पाण्यात टाकले, पाणी पिवळंधमक. त्या तक्त्यावर पिवळा म्हणजे ६, आणि त्याच्या खाली तक्ताच नाही. पण घरच्यांना आणि गीझर कंपनीला कागद हवा होता. म्हणून लॅब.

लॅबचं नाव घेत नाही. नमुना सोमवार ते बुधवार, तोही बारापर्यंतच. अर्जात विहीर सार्वजनिक की खासगी, त्यावर टिक. पहिल्या खेपेला मी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी एका लिटरच्या बाटलीत भरलं, वर चार बोटं जागा ठेवून, आणि एसटीने दीड तास हलवत नेलं. त्यांनी ते दोन दिवसांनी उघडलं असणार. एकोणीस दिवसांनी रिपोर्ट: ६.६. भारतीय मानक, आयएस १०५००, पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा म्हणतं आणि त्यात सवलत नाही. म्हणजे आम्ही ०.१ ने पास. मी खिडकीवर म्हटलं, घरी तर ६ किंवा त्याच्याही खाली दिसतोय. उत्तर आलं, “घरचं घरी. आमच्या मशीनवर जे येतं ते आम्ही लिहितो.”

मग मी पेनासारखा डिजिटल मीटर घेतला. त्याच्यासोबत येणाऱ्या पुड्यांनी ४ आणि ६.८६ ला तो जुळवून घ्यायचा, हे न करता मोजणाऱ्यांचे आकडे कानाआड करा. आणखी एक, इतक्या कमी क्षाराच्या पाण्यात आकडा पटकन ठरत नाही. मी आधी पाच सेकंदांत वाचायचो आणि मीटरला शिव्या घालायचो. दोन-तीन मिनिटं थांबायला लागतं.

विहिरीच्या काठावर बसून, पंपाच्या तोंडाशी भरलेल्या पाण्याचा आकडा आला ५.८. तेच पाणी अर्ध्या बाटलीत घेऊन पाच मिनिटं खळखळवलं: ६.४. दोन बादल्यांत वीस वेळा इकडून तिकडे ओतलं: ६.७. मी बादल्या खाली ठेवल्या आणि एकटाच हसलो. सोड्याची बाटली उघडी ठेवल्यावर जे होतं तेच इथे होत होतं. पाणी आम्ल आहे ते वायूमुळे, आणि वायू उडाला की पाणी निर्दोष. माझ्या पहिल्या नमुन्यातला तर बाटलीत जायच्या आधीच उडालेला, कारण स्वयंपाकघराचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि टाकीत ते वरून धो धो पडतं.

हे कळल्यावर शहाण्यासारखं गप्प बसायचं, तर मी पुन्हा लॅबला गेलो. या वेळी बाटली बादलीतल्या पाण्याखाली बुडवून भरली, झाकण पाण्याखालीच लावलं, आत हवेचा एक बुडबुडा नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन गेलो, तान्ह्या बाळासारखी. खिडकीवरच्या माणसाने झाकण उघडलं आणि सगळं पाणी गळगळगळ त्यांच्या कॅनमध्ये ओतलं. “आमच्याच कॅनमध्ये लागतं.” माझ्या डोळ्यांसमोर! दोन आठवड्यांनी रिपोर्ट: ६.३, शेरा ‘पिण्यास योग्य नाही’. एक विहीर, दोन कागद, दोन्हीवर तोच शिक्का. विचारलं तर म्हणे पाणी बदललं असेल.

आत बसणारे एक वयस्कर केमिस्ट मात्र बाहेर आले. चहा पिता पिता म्हणाले, “अहो, पीएच विहिरीवरच मोजायचा असतो. इथे येईपर्यंत त्याला काही अर्थ राहत नाही. लोह, क्लोराइड, कठीणपणा यासाठी नमुना द्या.” मग हे अर्जावर छापत का नाही, असं मी विचारलं. ते हसले. मला नाही हसू आलं. तेव्हा तुम्ही एकच करा, लॅबच्या अर्जावर स्वतःच्या हाताने ‘विहिरीवर मोजलेला पीएच अमुक, वेळ अमुक’ असं लिहून द्या. मी तिसऱ्या नमुन्याला तसं दिलं. कठीणपणा २० च्या आसपास आला, म्हणजे पाण्यात चुन्याचे क्षार जवळजवळ नाहीतच, आणि खरं दुखणं ते होतं.

पाऊस पालापाचोळ्यातून आणि मुळांमधून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतो. इतरत्र खडकातला चुना त्याला मारतो. आमच्या जांभ्यातला चुना पावसाने केव्हाच धुऊन नेलाय, मागे राहिलंय लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून पाणी मऊ, गोड आणि धातूला भुकेलेलं.

शेजारचे काका म्हणाले, विहिरीत पोतंभर चुना टाक. टाकू नका. कळीच्या चुन्याने पीएच एकदम चढतो, पाणी तुरट होतं आणि पुढच्या पावसात पुन्हा येरे माझ्या मागल्या. चुन्याचा दगड मात्र वेगळा. तो आम्ल असेतोवर विरघळतो, पाण्याचा आम्लपणा निवला की थांबतो, त्यामुळे जास्त झाला असं होत नाही. मोझॅइक लाद्यांसाठी बारीक मार्बल चिप्स मिळतात, त्या मी वापरल्या. घेताना दुकानातच लिंबू पिळा, फेस आला तर माल खरा. मला पहिल्या दुकानदाराने गारगोटीसारखं काहीतरी दाखवलं होतं, त्यावर फेसाचा पत्ता नव्हता.

बाकी काम प्लंबरने दोन दिवसांत उरकलं. टाकीत पडणाऱ्या पाइपाला शॉवर लावला, म्हणजे निम्मं काम हवाच फुकट करते. टाकीचं झाकण घट्ट होतं, त्याला जाळी लावलेली भोकं पाडली, नाहीतर वायू जाणार कुठे. टाकीच्या खाली १०५४ ची (दहा इंच रुंद, चोपन्न इंच उंच) एफआरपी म्हणजे फायबरची टाकी उभी केली, सॉफ्टनरला असते तीच, दोन तृतीयांश चिप्सने भरलेली. पहिला दिवस दुधासारखं पाणी आलं, ते सगळं माडांना सोडलं. पंधरा दिवसांतून एकदा खालून वर पाणी सोडून उलटं धुवायचं. आठ महिन्यांत चिप्स वीतभर खाली बसल्यात, वरून भर घालायची. जुलैत विहिरीचा आकडा ५.५ ला गेला होता, तेव्हा नळाला ६.९ होता. एरवी ७.२ च्या आसपास. मोरपिशी डाग मी व्हिनेगरने काढले, पुन्हा आले नाहीत. जुने पितळी नळ असतील तर तोवर सकाळचं पहिलं तांब्याभर पाणी झाडाला घाला, पिऊ नका. रात्रभर नळात साचलेल्या पाण्यात तांबं आणि क्वचित शिसंही उतरतं. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

तिसरी कॉइल अजून शाबूत आहे. आईची तक्रार आहे की नवीन पाण्याला डाळ एक शिट्टी जास्त घेते, आणि ती खोटी नाही, कठीणपणा वाढला की तसं होतं. पिण्याची कळशी ती आजही थेट विहिरीवरून भरते. पहिला रिपोर्ट, तो ६.६ चा, तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या खणात ठेवलाय, आणि पाण्याचं कौतुक निघालं की पाहुण्यांना काढून दाखवते.