चतकोर सेक्शन, १६० एकर

कर्जत-शहापूरकडे चार गुंठे शोधणाऱ्या मुंबईकराला ठाऊक असतं, गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. जमीन मोजायच्या ६६ फुटी गंटर साखळीच्या हे बरोबर निम्मं. अमेरिकेचा पश्चिम भाग मोजला गेला तो याच साखळीने. १०० कड्यांची एक साखळी, ८० साखळ्यांचा मैल. १७८५ च्या कायद्याने सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप आणि तिचे ३६ भाग, म्हणजे सेक्शन, ठरले. एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा चतकोर १६० चा. तिथले बहुतेक झगडे या चतकोराशी येऊन थांबतात, असं माझं ठाम मत आहे.

मोजणीत चुका होत्याच. साखळी ओढून ओढून कड्यांचे जोड झिजतात, ती लांबते, आणि नोंदीपेक्षा प्रत्यक्ष जमीन जास्त निघते. रेखावृत्तंही उत्तरेकडे जवळ येत जातात, त्यामुळे चौकोन जमत नाही. ती कसर टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकलायची, असा नियम होता.

खरा घोळ क्रमाचा. आधी मूळ रहिवाशांशी तह, मग मोजणी, मग विक्री, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात वस्तीवाले आधीच घुसत, आणि १८४१ च्या कायद्याने अशांना १६० एकर एकरी सव्वा डॉलरने विकत घ्यायचा पहिला हक्क दिला. घुसखोरी फायद्याची ठरली, की तह कोण पाळणार?

१८६२ च्या होमस्टेड कायद्यात पाच वर्षं राहून जमीन कसली की १६० एकर मिळत; एकूण फी १८ डॉलर. पण १०० व्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला वर्षभराचा पाऊस साधारण २० इंचांच्या आत. मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. तेवढ्या पावसावर १६० एकरांत कुटुंब पोसत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेलने १८७८ च्या अहवालात गुरं पाळणाऱ्यांसाठी २५६० एकर सुचवले. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मानलं नाही. परिणामी ओढ्याकाठचा चतकोर ज्याच्या हाती, भोवतालचं हजारो एकर कुरण त्याचंच. कुंपणांवरून आणि पाण्यावरून मारामाऱ्या झाल्या त्या इथे.

सगळ्यात वाईट पायरी १८८७ चा डॉज कायदा. मूळ रहिवाशांच्या जमातीची सामाईक जमीन तोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर, एकट्या प्रौढाला ८०, अठराखालच्या मुलाला ४०. उरलेली ‘जादा’ ठरवून गोऱ्यांना खुली. वाटलेली जमीन २५ वर्षं सरकारच्या विश्वस्तपदाखाली. पण १९०६ च्या दुरुस्तीने ‘सक्षम’ ठरवलेल्याला आधीच मालकी देता येऊ लागली. मालकी आली की कर आला, कर थकला की लिलाव. १८८७ मध्ये १३ कोटी ८० लाख एकर असलेली जमीन १९३४ पर्यंत सुमारे ४ कोटी ८० लाखांवर आली.

विश्वस्तपदाखाली राहिलेल्या तुकड्यांचं दुखणं सातबारा पाहिलेल्याला सांगायला नको. वारस वाढले, वाटणी झाली नाही. प्रत्येकाला चार मुलं धरा: तिसऱ्या पिढीत एकेकाचा हिस्सा १/६४, म्हणजे १६० पैकी अडीच एकर, तेही नेमके कुठले ते दाखवता येत नाहीत. भाडेपट्ट्याला इतरांची संमती हवी, म्हणून जमीन पडून. या विश्वस्तपदाच्या कारभारावरून मूळ रहिवाशांनी सरकारवर भरलेल्या कोबेल खटल्याच्या २००९ च्या तडजोडीत असे हिस्से मालकाच्या राजीखुशीने विकत घेऊन जमातीला परत द्यायला १९० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.