म्हशी आडव्या आल्या म्हणून

माझा तिसरा नंबर आला हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कसा आला ते लिहून ठेवतो.

२६ जानेवारीला झेंडावंदन आटोपलं की आमच्याकडे सायकल स्पर्धा असते. आर्णी-दिग्रसच्या पट्ट्यातला साधा डांबरी रस्ता. बारा किलोमीटर जायचं, पुलावरच्या ड्रमला वळसा घालून तेवढंच परत यायचं. रस्ता बंद वगैरे काही नसतो, कापसाचे ट्रॅक्टर, काळीपिवळी सगळं चालूच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो, वय ४३. मागच्या वर्षी एक जुनी गिअरची सायकल घेतली, त्यामुळे यंदा हिशेब मांडूनच उतरलो होतो.

हिशेब वाऱ्याचा. सपाटीवर ताशी तीसच्या वेगाने जाताना पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर बसलं की पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. त्या दिवशी वारा उगवतीकडून, म्हणजे जाताना तोंडावर. जाताना कोणाच्या तरी पाठीमागे लपायचं आणि येताना शेवटच्या तीन किलोमीटरला सुटायचं. फळ्यावर मांडावं इतकं सरळ.

सुरुवातीलाच आमचा दूधवाला पोरगा निघून गेला. साधी काळी सायकल, कॅरिअर तेवढं काढून टाकलेलं. रोज दोन कॅन अडकवून तालुक्याला जातो तो. तोंडावरच्या वाऱ्यात एकट्याने पळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलंही, "पुलापर्यंतच मरते बे हा!" आम्हाला पटलं. आम्ही नऊ जण होतो, पाचव्या किलोमीटरला एकाच्या चाकात बाभळीचा काटा गेला, आठ उरलो. आणि आठही जण मागे बसायला बघत होते.

"सर, तुम्ही व्हा नं पुढं, गिअर तुमच्याकडं हाये."

"तू तरणा आहेस, तू ओढ."

असं करत करत आम्ही वरातीच्या चालीने पुलाशी पोचलो. पोरगा कधीच वळून गेला होता. आता वारा पाठीशी, आणि पाठवाऱ्यात दुसऱ्याच्या मागे लपून फारसं वाचत नाही. म्हणजे घोळक्याचा फायदा संपला, एकटा पळणारा आणि आम्ही जवळपास बरोबरीत. हे गणित मला येत होतं. वेळेवर आठवलं नाही.

टोकियोला हेच झालं होतं. २५ जुलै २०२१, बायकांची ऑलिम्पिक रोड रेस, १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर सुरुवातीलाच पुढे निघाली. ना संघ, ना व्यावसायिक करार. बाई गणितात डॉक्टरेट. तिच्यासोबतच्या दोघी मागे पडल्या, त्यांना घोळक्याने गाठलं आणि आता पुढे कोणी नाही असं घोळक्यातल्या समजल्या. ऑलिम्पिकमध्ये कानात रेडिओ लावू देत नाहीत, मग पुढे कोण आहे ते सांगणार कोण. नेदरलँड्सची आनेमीक फान फ्ल्यूटेन दोन्ही हात वर करून रेषा ओलांडून आली, तेव्हा सुवर्ण जाऊन सव्वा मिनिट झालं होतं.

टोकियोत म्हशी नव्हत्या, एवढाच फरक.

परतीच्या आठव्या किलोमीटरला एक वळण आहे. ते पार केलं तर समोर ढोरं. तीसेक म्हशी रस्ता ओलांडत होत्या, आपल्या चालीने, एक तर मधोमध उभी राहून शेपटी हलवत होती. अलीकडे तो पोरगा एक पाय जमिनीवर टेकवून उभा. टी-शर्ट पाठीला चिकटलेला, मांडीतला थरथराट लांबून दिसत होता. आम्ही पोचलो आणि रस्ता मोकळा झाला. एवढा पळून थांबला की पाय दगड होतात. आम्ही ताजेतवाने.

शेवटी मी ठरल्याप्रमाणे सुटलो, दोघांनी मला मागे टाकलं, आणि माझं चाक त्याच्या चाकापेक्षा वीतभर पुढे पडलं. मला १००१ रुपये आणि स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं. त्याला टाळ्या. शाळेतल्या पोरांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तेही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा दारात आला. बायकोने नेमका तोच नवा गंज पुढे केला. मी पेपरात तोंड घातलं.

"सर," माप ओतता ओतता तो म्हणाला, "त्यातल्या दोन म्हशी आमच्याच होत्या."