बीम मिळाला, नमुने अडकले

बीम टाइमचा (त्वरकातला आयनांचा झोत वापरायला मिळणाऱ्या वेळेचा) अर्ज, नमुने कापणं, निर्वात कक्षात बसवणं, सोन्याच्या आयनांचा मारा, सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते नमुने बाहेर काढताना.

नमुने साध्या प्लास्टिक सिंटिलेटरचे, म्हणजे किरण पडले की चमकणाऱ्या प्लास्टिकचे, पॉलिव्हिनाइलटोल्युइनचे. जड आयनांच्या माऱ्याने त्यांचा प्रकाश किती घटतो, एवढंच पाहायचं होतं. मारा संपला तेव्हा पिवळट-तपकिरी डाग डोळ्यांना दिसत होते. किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर मात्र नेहमीच्या पार्श्वभूमीच्या वर हललासुद्धा नाही. तरी सुरक्षा विभागाच्या सहीशिवाय नमुने बाहेर जाणार नव्हते, आणि त्यांच्या फॉर्मवर ‘समस्थानिक’ आणि ‘अर्धायुष्य’ हे रकाने सक्तीचे! ‘लागू नाही’ लिहिलं की फॉर्म परत. अहो, कूलंब प्रतिकर्षण (दोन धन भारांचं एकमेकांना ढकलणं) ओलांडून कार्बनच्या केंद्रकाला भिडायचं तर सोन्याच्या आयनाला १००० एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) घरात ऊर्जा हवी. माझ्या बीममध्ये होती ५. अभिक्रियाच नाही, तर किरणोत्सार येणार कुठून?

बरं, कपाटात कुलूपबंद नमुना तसाच राहत असता तर मी गप्प बसलो असतो. पण बंध तुटून तयार झालेले मुक्त मूलक (चटकन अभिक्रिया करणारे रेणूंचे तुकडे) हवेतला ऑक्सिजन आत झिरपला की संपत जातात, आणि त्यांच्यामुळे आलेला रंग फिका पडतो. हायड्रोजन निघून गेल्याने झालेलं कार्बनीकरण तेवढं टिकतं. म्हणजे सहीची वाट पाहता पाहता मोजायच्या गोष्टीतला एक हिस्सा हवेत विरत होता, आणि मी फॉर्म भरत होतो.

शेवटी कूलंब अडथळ्याचं अर्ध्या पानाचं गणित आणि मीटरचं वाचन जोडलं, तेव्हा सही झाली. ते पान बीमच्या अर्जासोबतच देऊन टाका. नमुने थांबणारच असतील तर नायट्रोजन भरलेल्या बंद डब्यात ठेवायला सांगा.

त्याहून बरं म्हणजे मारा चालू असतानाच, त्याच आयनांनी उठणारा प्रकाश नोंदवत जा. नंतर सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांनी तपासलंत तर बहुतेक काहीच बिघडलेलं दिसणार नाही. इजा वरच्या एक-दोन मायक्रॉनमध्ये असते आणि गॅमा अख्ख्या तुकड्यात प्रकाश पाडतो. अमेरिशियम-२४१ चे अल्फा कणही प्लास्टिकमध्ये चाळीसएक मायक्रॉन, म्हणजे इजेच्या बरेच पलीकडे, आत जातात.

आणि हो, फॅरडे कपच्या (झोतातला विद्युतभार गोळा करून मोजणाऱ्या पेल्याच्या) करंटवरून आयन मोजताना आयनाच्या विद्युतभाराने भागायचं. भार तिप्पट असेल तर आयन करंटवरून वाटतात त्याच्या एक तृतीयांशच असतात.