पायरीमागचा प्रवाह

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गटप्रमुख मॅडमनी ग्राहकाचे कोणतेही काम हाती न देता मला पायरीमागच्या प्रवाहाचे जुने गणित संगणकावर सोडवायला सांगितले. वाहिनीचा तळ 12.7 मिमी खाली उतरतो, सेकंदाला सुमारे 44 मीटर वेगाने येणारी हवा त्या कडेपाशी भिंत सोडते, मागे भोवरा धरते आणि पुढे पुन्हा तळाला टेकते. ड्रायव्हर आणि सीगमिलर यांच्या 1985 सालच्या प्रयोगात कडेपासून टेकण्यापर्यंतचे हे अंतर पायरीच्या उंचीच्या 6.26 पट, म्हणजे जवळजवळ 80 मिमी भरले होते.

ओपनफोम या प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये मेश, म्हणजे जागेचे छोट्या सेलमध्ये तुकडे पाडणारी जाळी, तयार करून मी खळबळत्या प्रवाहासाठीचे स्टँडर्ड के-एप्सिलॉन मॉडेल निवडले आणि सकाळीच गणित लावले. दुपारपर्यंत सगळे रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेली तफावत दाखवणारे आकडे, 10 च्या उणे पाचव्या घाताखाली उतरले, भोवराही सुरेख दिसू लागला, म्हणून काम झाले असे समजून मी मॅडमना बोलावले. चित्राकडे त्यांनी फारसे पाहिलेच नाही. "प्रवाह टेकतो कुठे? आणि वाय-प्लस किती आहे?" एवढेच त्यांनी विचारले. वाय-प्लस म्हणजे भिंतीलगतच्या पहिल्या सेलच्या मध्याचे भिंतीपासूनचे एककरहित अंतर.

मग मी तळावरच्या घर्षणताणाचा आलेख काढला. भोवऱ्याखाली हवा उलटी वाहत असल्याने तिथे ताणाचे चिन्ह उलटे असते. ते जिथे पालटते तिथे प्रवाह टेकतो. माझ्या आलेखात ते 67 मिमीवरच पालटत होते. वाय-प्लसही पायरीच्या अलीकडच्या भिंतीवर आठ-नऊ निघाला, कारण मेश जितका बारीक तितके उत्तर अचूक, या समजुतीने मी भिंतीलगतच्या पहिल्या सेलची जाडी 0.15 मिमी ठेवली होती. भिंतीजवळचा वेग तयार सूत्राने काढणाऱ्या वॉल फंक्शनला मात्र त्या सेलचा मध्य वाय-प्लस 30 च्या पुढे, म्हणजे वेग अंतराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो त्या लॉगरिदमिक थरात हवा असतो. 5 ते 30 या पट्ट्यात वेगाचे ना रेषीय सूत्र नीट लागू पडते, ना लॉगरिदमिक. म्हणजे रेसिड्युअल उतरले होते ते भिंतीपाशी चुकीच्या गृहीतकावर उभ्या असलेल्या समीकरणांचे.

जाडी 0.6 मिमी केल्यावर वाय-प्लस 34 वर आला, पण टेकण्याचा बिंदू जेमतेम हलला. तेव्हा मॅडमनी समजावले की उरलेला दोष मॉडेलचा आहे: के-एप्सिलॉन सुटलेल्या प्रवाहात गरजेपेक्षा जास्त एडी व्हिस्कॉसिटी, म्हणजे खळबळीमुळे भासणारा जादा चिकटपणा, देते, त्यामुळे मिसळण वाढते आणि हवा लवकर खाली बसते. हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या आलेखावर अधिक लख्ख कळले.

संध्याकाळी मी मेंटर यांचे 1994 सालचे के-ओमेगा एसएसटी मॉडेल घेतले आणि पहिला सेल 0.015 मिमीचा करून वाय-प्लस एकच्या आत आणला. गणित बरेच रेंगाळले, पण ताणाचे चिन्ह या वेळी 82 मिमीवर पालटले. आकडा प्रयोगाजवळ आला होता. तो मेशमुळे योगायोगाने तर जुळला नाही ना, हे पाहण्यासाठी दोन्ही दिशांना दुप्पट सेल घेऊन तेच गणित रात्रभर लावले आणि मग घरी निघालो.