तुम्ही विचारलंत म्हणून: हॉटेलच्या लॉबीतली गाणी

प्रश्न नेहमी एकाच वळणाने येतो. घरी चार माणसं जेवायला आलेली असतात, मागे बारीक आवाजात माझं काहीतरी चालू असतं, आणि ताकाची वाटी हातात येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "हे काय लावलंयस? हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं!" त्याच्या मागोमाग, "यात तुला एवढं काय दिसतं गं?" इतकी वर्षं मी "आवडतं आपलं" म्हणून भात वाढायला घ्यायचे. गेल्या महिन्यात धाकट्या भावजींनी मात्र सोडलं नाही. "नाही वहिनी, खरंच सांगा," म्हणाले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं.

तर भावजी, तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी एक कबूल करते, तुमचं काही चुकलेलं नाही. माझा आतेभाऊ बोटीवर होता. सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेत कुठून कुठून भरून आणलेल्या टीडीकेच्या कॅसेटी असायच्या. त्यातल्या एकीवर बॉलपेनने स्टीली डॅन हे नाव आणि खाली तीन इंग्रजी अक्षरं होती, ए, जे, ए. मी वाचलं 'अजा'. शाळेत संस्कृतच्या तासाला अजा म्हणजे शेळी हे शिकले होते, त्यामुळे अमेरिकेत शेळीवर अख्खी कॅसेट काढतात याचं मला कौतुकच वाटलं. (उच्चार 'एझा', आशिया खंडाच्या इंग्रजी नावासारखा, हे फार उशिरा कळलं.) रॉक म्हणजे आरडाओरडा असणार, अशी मनाची तयारी करून बसले होते. निघालं काय, तर कडक इस्त्रीचं संगीत. एक सुरकुती नाही. दोन गाणी ऐकून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्यातलंच एक गुणगुणायला गेले आणि जमेना. पहिली ओळ यायची, दुसरीच्या मध्यावर सूर हरवायचा. हिंदी गाणी एकदा ऐकून म्हणणारी मी. मला रागच आला. पुन्हा लावलं, पुन्हा हरवलं. त्या रागातून हे सगळं सुरू झालं.

आता ही स्टीली डॅनवाली माणसं कोण, ते थोडक्यात. वॉल्टर बेकर आणि डोनल्ड फेगन. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात 1967 साली भेटले. दोघंही पोरवयापासून जॅझचे वेडे. गाणी लिहून दुसऱ्यांना विकायची म्हणून न्यूयॉर्कमध्ये उंबरे झिजवले, मग लॉस एंजेलिसला एबीसी रेकॉर्ड्समध्ये पगारी गीतकार म्हणून लागले. तिथल्या गायकांना यांची गाणी पेलेनात, तेव्हा स्वतःचाच बँड काढला. पहिली तबकडी 1972 ची. 1974 मध्ये दौरे बंद केले आणि स्टुडिओत जाऊन बसले ते बसलेच. 'एझा' 1977 ची. तोवर बँड नावापुरता उरला होता. ही दोन माणसं, निर्माता गॅरी कॅट्झ, ध्वनिमुद्रणाला रॉजर निकल्स, आणि गाण्यागणिक बोलावलेले वादक.

माझी गाडी अडली होती ती सुरावर, तेव्हा तिथेच जाते. आमच्याकडे बाबांची पेटी होती, भजनाची. भावजी, तुमच्याकडेही आहे, माळ्यावर. काढा ती खाली. डावा हात भात्यावर. उजव्या हाताने पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच एकदम दाबा. म्हणजे सा, ग, प. ही झाली साधी मेजर कॉर्ड, शाळेच्या बँडपासून चर्चपर्यंत सगळीकडे ऐकू येणारी. आता हात न उचलता तर्जनी पांढरी दोनवर ठेवा. सा, रे, ग, प. रे आणि ग एकमेकांना खेटून बसलेत, त्यांची किंचित घासाघीस होतेय, पण भांडण नाही. हीच ती कॉर्ड. बेकर-फेगन तिला 'म्यू मेजर' म्हणायचे, आपल्या गाण्यांच्या स्वरलिपीच्या पुस्तकात प्रस्तावनेत तिच्याबद्दल लिहिलंसुद्धा. नाव चेष्टेतलं, कॉर्ड खरी. साधी मेजर फार निष्पाप वाटते, आणि जॅझची नेहमीची सप्तकातली सातवी पट्टी जोडली की लगेच जॅझचा वास येतो. ही दोन्हींच्या मधली. गोड, पण गोडाला कडेने हलकी कडू चव.

मी पहिल्यांदा ती वाजवली तेव्हा बाबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "रे चुकून लागतोय."

"चुकून नाही बाबा, मुद्दाम आहे."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "परत वाजव." वाजवलं. थोडं थांबून म्हणाले, "भूप एकदम अंगावर ओतल्यासारखा वाटतो. ध नाही, पण भूपच." मग स्वतः बसले आणि चार वेगवेगळ्या पट्ट्यांत तेच दाबून पाहिलं. भजनात कधी वापरलं नाही, तेवढा त्यांचा धर्म शाबूत होता.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्या कानाचं नव्हे. तसं नाही हो. सी. रामचंद्रांच्या चालींमागे चिक चॉकलेट होते, गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवाले, मुंबईत स्वतःचा जॅझ बँड चालवणारे. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. चाल आपली, आणि तिच्याखाली कॉर्ड भरणारे हात जॅझ वाजवून तयार झालेले. फरक इतकाच, की तिथली चाल कॉर्ड काढून घेतल्या तरी उभी राहते. म्हणून आपण ती भांडी घासताना म्हणू शकतो. बेकर-फेगनची चाल कॉर्डशिवाय अर्धीच असते. सूर तोच धरलेला असतो, खालची कॉर्ड बदलते आणि त्याच सुराचा अर्थ बदलतो. मी नुसता सूर म्हणत होते. हरवणारच.

बरं, अवघड असणं हा काही गुण नव्हे. अवघड गाणी ढिगाने सापडतात, बहुतेक कंटाळवाणी असतात. माझं म्हणणं असं, की या दोघांचं कसब अवघडपणा लपवण्यात आहे. 'पेग' हे त्या कॅसेटवरचं सगळ्यात आनंदी गाणं घ्या. नाचायला लावणारं, रेडिओवर चाललेलं. त्याचा अंतरा मुळात ब्लूज आहे. ब्लूज म्हणजे बारा 'बार'चं, बारा तालखंडांचं, एक आवर्तन. आधी बराच वेळ सा वर, मग म वर, परत सा, मग प, आणि घरी. खेडवळ, ठरलेला साचा. अमेरिकेतलं कुठलंही पोर गिटार हातात घेतलं की पहिल्यांदा तोच शिकतं. यांनी सांगाडा तोच ठेवला आणि प्रत्येक मुक्कामी दोन दोन रेशमी कॉर्ड चढवल्या. ऐकणाऱ्याला ब्लूज ओळखू येत नाही, पण पाय मात्र त्याच्या जोरावर हलतात.

त्याच गाण्याची दुसरी गंमत. बास वाजवायला होते चक रेनी. तार अंगठ्याने आपटून वाजवायची 'स्लॅप' पद्धत तेव्हा फार चलनात होती, आणि या दोघांना ती नको होती. रेनींना मात्र ध्रुवपदात तीच हवी होती. म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि काचेपलीकडे बसलेल्या या दोघांना हात दिसणार नाही अशा बेताने ती वाजवली. पसंत पडली. नंतर हा किस्सा ते स्वतःच सांगायचे. गिटारच्या तुकड्याची कथा याच्या उलटी. सहा-सात नामांकित गिटारवादक येऊन वाजवून गेले, एकाचंही ठेवलं नाही. शेवटी जे ग्रेडन यांचं लागलं. नाकारलेले तुकडे या दोघांनी पुढे एका माहितीपटात मिक्सरवर लावून दाखवलेत. मला त्यातला एक तर छानच वाटला. पण ग्रेडन यांचा ऐकला की कळतं, बाकीचे गाण्यावर वाजवत होते, हा गाण्यातून उगवलाय.

आणि दर वेळी असा छळ नसायचा. 'डीकन ब्लूज' या गाण्याला सॅक्सोफोन हवा होता. रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमातल्या बँडमध्ये यांना एकाचा आवाज आवडला होता. शोध काढला, निघाले पीट क्रिस्टलीब. गृहस्थ आले, वाजवलं, अर्ध्या तासात घरी गेले.

आता हे गाणं कशाबद्दल आहे ते ऐका. उपनगरातला एक माणूस. काहीच न जमलेला. त्याचं स्वप्न असं, की सॅक्सोफोन शिकायचा, मनाला येईल ते वाजवायचं, रात्रभर प्यायचं आणि गाडी चालवता चालवता मरायचं. जगात जिंकणाऱ्यांना मोठमोठी नावं असतात, मग हरणाऱ्यालाही एक असू दे, एवढीच त्याची मागणी. तो हे सांगत असताना मागे मखमली ब्रास वाजतंय. आणि मग त्याने कधीच न शिकलेला सॅक्सोफोन खरोखर वाजायला लागतो, अशा माणसाच्या हातून, ज्याला ते अर्ध्या तासाचं काम आहे. मी हे गाणं शेकडो वेळा ऐकलंय आणि तो तुकडा सुरू झाला की अजून घशाशी येतं. स्वप्न पुरं झालंय की त्याची थट्टा चाललीय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लॉबीतल्या गाण्यांचं उत्तर इथे आहे, भावजी. यांच्या गाण्यांतली माणसं बघाल तर एकही धड नाही. गांजेकस, जुगारी, अमली पदार्थ बनवणारा केमिस्ट, एकोणीस वर्षांच्या पोरीला भुलवू पाहणारा आणि तिला गायिका अरेथा फ्रँकलिनही माहीत नाही म्हणून हिरमुसणारा उतारवयातला बाप्या. अशा माणसांना आरडाओरड्याचं संगीत दिलं असतं, तर आपण पहिल्या ओळीलाच सावध झालो असतो. यांनी त्यांना उत्तम शिवलेला सूट घातला. म्हणून ती लॉबीत शिरतात, सोफ्यावर बसतात, आणि तुम्ही कॉफी पीत असता तेव्हा शेजारून हळू आवाजात काहीतरी भयंकर सांगून जातात. आम्ही परके, शब्द पटकन कळत नाहीत, म्हणून आम्हाला नुसता सूट दिसतो.

उचलेगिरीही होती, ती लपवत नाही. 1974 साली अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचलेल्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या गाण्याची, 'रिकी डोन्ट लूज दॅट नंबर'ची, सुरुवातीची बासची चाल ऐका आणि मग हॉरेस सिल्व्हर यांनी वडिलांसाठी रचलेली प्रसिद्ध जॅझ रचना, 'साँग फॉर माय फादर', ऐका. दोन्हींचं नाक एकच. ते खपून गेलं. 1980 च्या 'गाउचो' या तबकडीच्या वेळी मात्र जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांनी दावा लावला, आणि शीर्षकगीताच्या श्रेयात त्यांचं नाव घालावं लागलं.

'गाउचो'बद्दल माझं मत जरा वाकडं आहे. तिथे इस्त्री जास्त झाली, कापड करपलं. दोन वर्षांहून जास्त काळ घोळ. माणसांचे ड्रम पुरेसे नेमके वाटेनात म्हणून निकल्स यांनी 'वेंडेल' नावाचं यंत्र बनवलं, ठोक्यांची नोंद करून ते हव्या त्या जागी बसवणारं. (हे निकल्स आधी अणुऊर्जा प्रकल्पात अभियंता होते, त्यामुळे आश्चर्य नाही.) मग 'द सेकंड अरेंजमेंट' हे जवळजवळ पुरं झालेलं गाणं स्टुडिओत एका सहायकाच्या हातून चुकून पुसलं गेलं. पुन्हा करून पाहिलं, पहिल्यासारखं होईना, दिलं सोडून. निकल्स यांच्या घरच्यांना एक जुनी कॅसेट सापडली, तिच्यावरून 2023 मध्ये ते लोकांपर्यंत आलं. आवाज थोडा मळका आहे. मला त्या अख्ख्या तबकडीपेक्षा हे मळकं गाणं जवळचं वाटतं, आणि असं बोलल्याबद्दल या बँडच्या भक्तांकडून मी शिव्या खाल्ल्या आहेत.

बेकर 2017 मध्ये गेले. त्या रात्री आतेभावाचा फोन आला होता. आम्ही दोन मिनिटं बोललो आणि मग तो म्हणाला, "तुझी शेळी लाव."

तर पेटी काढाल तेव्हा काढा, आज रात्री एवढं करा. कॅसेटच्या नावाचं गाणं, 'एझा', आठ मिनिटांचं आहे. इअरफोन लावा. पहिला निम्मा भाग सोडून द्या, तो तुम्हाला लॉबीतलाच वाटणार. मग शब्द थांबतात आणि वेन शॉर्टर यांचा सॅक्सोफोन येतो. जॅझचे दिग्गज माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात वाजवलेला माणूस, रॉकच्या तबकडीवर. त्यांच्याकडेही लक्ष देऊ नका. त्यांच्या खाली स्टीव्ह गॅड ड्रमवर काय करतात ते ऐका. तुम्ही तबल्याचे, तुम्हाला सांगायला नको. शेवटी शब्द येऊन जातात, आणि गॅड परत सुटतात. आवाज हळूहळू कमी होत जातो, ते मात्र वाजवतच असतात. तिथे तुम्ही आवाज वाढवत न्या, अगदी शेवटची पट्टी संपेपर्यंत.